मावशीने घातला भाच्याचा कोट

जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देणाऱ्या मास्तरांचं मांजरांशी तसं काही वाकडं नव्हतं. त्यांच्या दुकानात येणाऱ्या निम्म्या खुर्च्यांच्या चिंध्या मांजरांनीच केलेल्या असत. "मांजरं आहेत म्हणून आपली चूल पेटते," असं ते हसत सांगत. फक्त ती मांजरं लोकांच्या घरी असावीत, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यामुळे जनावरांच्या दवाखान्यात कामाला असलेली त्यांची लेक एका सकाळी झाकणाची टोपली घेऊन दुकानात शिरली, तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तोंडात बारीक खिळे धरलेले असल्यामुळे नुसतं "हं?" एवढंच निघालं.

"बाबा, आधी बघा तरी," म्हणत लेकीने झाकण उघडलं.

मास्तरांच्या तोंडातले खिळे खळकन खाली सांडले. टोपलीतून आळोखेपिळोखे देत एक लांबसडक जनावर बाहेर आलं. सोनेरी अंग, त्यावर अंगठा शाईत बुडवून ठसे उमटवावेत तसे काळेभोर ठिपके, आणि बदामी डोळे.

"अगं, हे बिबट्याचं पिल्लू कुठून उचलून आणलंस?"

"बिबट्या कसला! ऑसिकॅट म्हणतात हिला. सयामी आणि अ‍ॅबिसिनियन मांजरांच्या संकरातून ही जात निघाली. दिसते रानातली, पण रक्त सगळं घरातलं. हिच्या मालकिणीला परदेशी जावं लागलं, म्हणून आणली. घरात एकटी ठेवली तर रडते हो. दुकानात बसू दे ना दिवसभर."

"आणि ही मखमल? हिने नखांनी तिची चाळणी केली तर?"

पण लेक तोवर कामावर पळालीसुद्धा.

मास्तर हातातली हातोडी तशीच धरून बघत राहिले. मांजरी मखमली सोफ्याकडे गेली. मास्तरांनी श्वास रोखला. तिने सोफा हुंगला, नाक मुरडलं आणि कोपऱ्यातल्या जाड्याभरड्या किंतानाच्या गुंडाळीवर मनसोक्त नखं पाजळली. मास्तरांच्या जिवात जीव आला. मग तिने दोऱ्याचं एक रिकामं रीळ तोंडात धरून आणलं आणि त्यांच्या पायाशी ठेवलं. त्यांनी उगाच, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, ते दूर फेकलं. ती धावत जाऊन परत घेऊन आली. पुन्हा फेकलं, पुन्हा आणलं. खुर्चीचं काम राहिलं बाजूला.

तेवढ्यात गाण्याच्या बाई आपला सोफा कुठवर आला ते बघायला आल्या. दारातून आत पाऊल टाकलं आणि समोरून ठिपक्यांचं जनावर उड्या मारत येताना दिसलं.

"बिबट्या!"

बाईंचा आवाज मुळातच तयारीचा. तो असा काही तारसप्तकात लागला की अख्खी गल्ली गोळा झाली. बाई कापड बेतायच्या टेबलावर चढल्या होत्या. शेजारचा न्हावी आला, त्याच्या मागोमाग अर्ध्या गालाला साबण फासलेलं गिऱ्हाईक आलं. फळवाल्या काकू झाडू उगारूनच आल्या.

"मास्तर, बाजूला व्हा!" काकू ओरडल्या.

मास्तर बाजूला झाले नाहीत. दोन्ही हात पसरून मांजरीच्या पुढे उभे राहिले. आपण असं का करतोय हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"खबरदार कुणी हात लावाल तर! ऑसिकॅट आहे ती. सयामी आणि... अ‍ॅबि... अ‍ॅबिसिनियन, अशा खानदानी घरांतली लेक आहे. रानाचं तोंड पाहिलेलं नाही तिने!"

"मग हे ठिपके?" न्हाव्याने विचारलं.

"मांजराला वाघाची मावशी म्हणता ना? मग मावशीने भाच्याचा कोट घातला, तर तुमच्या पोटात का दुखतंय?"

साबणवालं गिऱ्हाईक खो-खो हसलं. मांजरीला मात्र या आरड्याओरड्याचं सोयरसुतक नव्हतं. इतकी माणसं एकदम खेळायला आली म्हणून ती हरखली होती. तिने रीळ उचललं, थेट काकूंच्या पुढ्यात ठेवलं आणि मान वर करून बघत बसली.

काकूंचा झाडू हळूहळू खाली आला. "अगं बाई, मला देतेय की काय?"

"फेका," मास्तर ऐटीत म्हणाले.

त्यानंतर रीळ फेकायला रांग लागली. गाण्याच्या बाई टेबलावरून उतरल्या आणि "आता माझी पाळी" म्हणत सगळ्यांच्या पुढे घुसल्या. न्हाव्याच्या गिऱ्हाइकाचा साबण गालावरच वाळला.

दुपारी लेक घाबऱ्या घाबऱ्या परतली. बातमी दवाखान्यापर्यंत पोचली होती, वाटेत तिला तिखटमीठही लागलं होतं. येऊन बघते तर बाबा जमिनीवर मांडी घालून बसलेले, मांडीवर ठिपक्यांचं वेटोळं.

"बाबा, त्रास झाला ना फार? दवाखान्यातल्या एक ताई हिला न्यायला तयार—"

"हळू बोल!" मास्तर कुजबुजले. "आत्ताच डोळा लागलाय तिचा. आणि त्या ताईंना म्हणावं, तुमच्यासाठी दुसरी बघा."

लेक हसू दाबत खाली बसली. दारातून न्हाव्याने मान आत घातली.

"मास्तर, माझ्या बायकोलाही बघायचीय. आणू का उद्या?"

"आणा की," मास्तर म्हणाले. "पण येताना दोन-चार रिळं आणा. एक पुरत नाही तिला."