पाच वाजताचा दादा

सोमवारी सकाळी बाईंनी टॅब चार्जिंगला लावला, पण पडद्यावर विजेची खूण उमटलीच नाही.

बाई कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होत्या. मुलं त्यांना लॅबबाई म्हणायची. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत तेच नाव चिकटून राहिलं होतं. एखादी वस्तू चालेनाशी झाली की लोक तिला थापटतात, हलवतात, फुंकर मारतात. बाईंनी वही काढली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे त्यांनी पोरांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. आधी सॉकेट बदललं, मग वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सुनेकडून चार्जर मागून आणला, मग नवी केबल. प्रत्येकापुढे ‘नाही’ लिहिलं. दुपारी नऊ टक्के उरले होते. चार वाजता पडदा काळा झाला.

आणि पाच वाजता तिकडे दादा आपल्या टॅबसमोर येऊन बसणार होता.

दादा म्हणजे बाईंचा सख्खा मोठा भाऊ. जन्मापासून त्याला ऐकू येत नाही. शाळेत त्याला उशिरा घातलं आणि लवकर काढलं. स्वतःचं नाव लिहिता येतं, आकडे कळतात, बाकी अक्षरं म्हणजे त्याच्या लेखी नक्षी. मुक्या मुलांच्या शाळेत खुणांची रीतसर भाषा शिकवतात, तीही त्याच्या वाट्याला आली नाही. त्याला येणारी भाषा घरातच तयार झाली होती, दोन लहान मुलांनी आणि त्यांच्या आईने मिळून. भुवईवरून बोट ओढलं की दादा, कारण झोपाळ्यावरून पडल्याचा व्रण तिथे होता. नाक चिमटीत धरलं की बाईंची प्रयोगशाळा. तळहातावर बोट गोल फिरवलं की ‘खोटं बोलू नकोस’. ही खूण का ठरली ते कोणालाच आठवत नव्हतं. आई अकरा वर्षांपूर्वी गेली. त्या दिवसापासून ही भाषा बोलणारी जगात दोनच माणसं होती, आणि त्यांच्यामध्ये एक रात्र आणि अर्ध्या दिवसाचा प्रवास होता.

आई गेली तेव्हा दादा दूरच्या एका गावी पुस्तकं बांधायच्या कामाला होता. घरात माणसांची गर्दी, धावपळ, आणि प्रत्येकाला वाटलं दुसऱ्या कोणीतरी त्याला कळवलं असेल. चौथ्या दिवशी तो सुट्टीला म्हणून घरी आला, तेव्हा आईची गादी गुंडाळून भिंतीला लावलेली होती. त्यानंतर महिनाभर त्याने बाईंशी एक अक्षर काढलं नाही. म्हणजे हात मांडीवरून उचलले नाहीत. आता तो त्याच गावातल्या वृद्धाश्रमात राहायचा. बाईंनी कितीदा बोलावलं, पण त्याला तिथली झाडं आणि जुने कामगार दोस्त सोडवत नव्हते. म्हणून तीन वर्षांपूर्वी बाईंनी दोन टॅब घेतले. चुलतभावाच्या मुलाने ते जोडून दिले आणि तो बोटीवर नोकरीला निघून गेला. तेव्हापासून रोज पाच वाजता, एकही दिवस न चुकता, दोघं बोलत होते.

‘‘माझ्या फोनवरून लावा की,’’ वरची सून म्हणाली. तिने लावलाही. दोनदा घंटा वाजली आणि तिकडून फोन कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला.

‘‘भाऊ भारीच शिस्तीचे दिसतात तुमचे.’’

‘‘शिस्त माझीच आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मागे त्याला कोणीतरी फसवायला फोन करत होतं. मीच शिकवलं त्याला, माझा फोटो दिसला नाही तर लाल बटण.’’

मंगळवारी बाई काठी टेकत सर्व्हिस सेंटरला गेल्या. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले होते. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, प्रवासाला अजून महिनाभर मनाई होती. काउंटरवरच्या मुलीने टॅबला तिची केबल लावली, काढली आणि सांगून टाकलं.

‘‘मावशी, बोर्ड गेला असणार.’’

‘‘असणार, की आहे?’’

‘‘म्हणजे... बहुतेक तेच असतं.’’

‘‘उघडून पाहिलंत?’’

‘‘उघडायला तो कंपनीकडे पाठवावा लागतो. वीस दिवस लागतील. आणि आतलं सगळं पुसलं जाईल, त्यासाठी इथे सही हवी.’’

‘‘आतलं म्हणजे माझा फोटो, माझं खातं, तेही?’’

‘‘सगळंच. पासवर्ड असला की पुन्हा टाकता येतं.’’

पासवर्ड बोटीवर होता. मुलगी हळूच म्हणाली, ‘‘त्यापेक्षा नवाच घ्या ना, मावशी. जुन्यात किती जीव अडकवायचा?’’

बाईंनी सही केली नाही.

बुधवारी त्यांनी घरच्या साध्या फोनवरून वृद्धाश्रमाच्या ऑफिसात फोन लावला. तिथला फोन जुना, भिंतीला लटकवलेला. व्यवस्थापक भला माणूस होता, पण घाईतला.

‘‘सांगितलं हो मी त्यांना.’’

‘‘कसं सांगितलंत?’’

‘‘कसं म्हणजे? हातवारे करून. टॅब दाखवला, बंद आहे म्हणून सांगितलं, बहीण बरी आहे म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली.’’

दादा सगळ्यांनाच मान हलवायचा. शेठला, डॉक्टरला, बसच्या कंडक्टरला. समोरचा माणूस लवकर जावा म्हणून त्याने काढलेली ती युक्ती होती. जे त्याला खरंच कळायचं, त्यावर तो हमखास काहीतरी उलट विचारायचा.

‘‘त्याने काही विचारलं का?’’

‘‘नाही बुवा. समजलं म्हणाले... म्हणजे तसंच दिसलं.’’

गुरुवारी सकाळी व्यवस्थापकाचाच फोन आला. आवाजातली घाई गेली होती. ‘‘बाई, हे पहाटेपासून फाटकाशी बसलेत. बॅग भरून. आत या म्हटलं तर मान हलवतात आणि तिथेच बसतात. मी कुलूप लावलंय, पण किती वेळ लावू? बाकीच्यांना यायचं-जायचं असतं.’’

फोन ठेवून बाई स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या. दादाला गाडीचा नंबर वाचता येतो, गावाचं नाव नाही. दोन ठिकाणी गाडी बदलावी लागते. तो कोणाला विचारणार, आणि कोणत्या हातांनी? वरच्या सुनेच्या फोनवरून पुन्हा लावला तरी बाईंचा फोटो दिसणार नाही आणि तो कापणार; शिवाय टॅब त्याच्या खोलीत आणि तो फाटकाशी. त्यांनी व्यवस्थापकाला उलट फोन केला आणि एकच काम सांगितलं: पाचला दहा कमी असताना दादाचा टॅब त्याच्या हातात द्या. बोलू नका, हातवारे करू नका. फक्त द्या.

हे सांगून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपला टॅब अजून बंदच आहे.

बाजाराच्या टोकाला एक घड्याळवाला होता. घड्याळं दुरुस्तीला येईनाशी झाल्यावर त्याने मोबाईल घ्यायला सुरुवात केली होती. दुकान एवढंसं की गिऱ्हाईक आत आलं तर मालकाने पोट आत घ्यायचं. बाई पोचल्या तेव्हा चार वाजायला आले होते.

‘‘काय झालंय याला?’’

बाईंनी टॅबबरोबर वहीही पुढे केली. घड्याळवाल्याने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पान वाचलं.

‘‘तीन सॉकेट, दोन चार्जर, दोन केबल. बाई, माझ्याकडे येतो तो प्रत्येक जण ‘आपोआप झालं’ म्हणतो. तुम्ही पहिल्याच, जबानी लिहून आणलीत. पण यात एक राहिलंय. केबल जाते ते भोक तपासलं का?’’

‘‘ते स्वच्छ आहे. दर रविवारी मी स्वतः पुसते.’’

‘‘कशाने?’’

‘‘काडीला कापूस गुंडाळून. थोडं स्पिरिट.’’

‘‘किती दिवस?’’

‘‘तीन वर्षं.’’

घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावलं, दिवा ओढला आणि बारीक सुई आत घातली. बाहेर आला तो राखाडी, दाबून घट्ट झालेला कापसाचा तुकडा. मग दुसरा. तिसरा. त्याने ते पांढऱ्या कागदावर ओळीने मांडले.

‘‘ही तुमची स्वच्छता.’’

बाईंनी हिशोब लावला. दर रविवारी चार तंतू मागे राहत गेले, रोज केबलने ते तळाशी ठोकले, आणि सोमवारी केबलचं टोक केसाएवढं अलीकडे थांबलं. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला कापूस लावायचा नाही, तंतू सुटतात, त्याला वेगळा कागद असतो, हे त्यांनी एकतीस वर्षं मुलांना बजावलं होतं. लावणाऱ्याला वर्गाबाहेर काढलं होतं.

‘‘हसा,’’ त्या म्हणाल्या.

‘‘हसतोय की मनातल्या मनात. लाइट आला बघा.’’

विजेची खूण उमटली होती. पण अगदीच रिकामा झालेला टॅब लगेच उठत नाही. बाईंना घरी पोचायला अर्धा तास लागला असता. ‘‘इथेच बसू का? पाच वाजता भावाशी बोलायचंय.’’

‘‘बसा. मी काही कान लावणार नाही.’’

‘‘लावलात तरी चालेल.’’

पाचला तीन मिनिटं असताना टॅब उठला. बाईंनी तो घड्याळांच्या डब्याला टेकवून उभा केला आणि दादाचा फोटो दाबला. परक्या माणसासमोर त्या अशा कधीच बोलल्या नव्हत्या. लहानपणी लोक बघायचे म्हणून दोघं हात पोटाशी धरून, लहान लहान खुणा करायचे.

पहिल्याच घंटेला पडद्यावर दादा आला. दाढी वाढलेली, मागे फाटकाचे गज. त्याने बाईंकडे पाहिलं. नीट, एकेक अवयव मोजल्यासारखं पाहिलं. मग टॅब कशालातरी टेकवला आणि पाठ फिरवून बसला.

‘‘अहो, हाक मारा ना,’’ घड्याळवाला म्हणाला.

‘‘ऐकू येत नाही त्याला.’’

‘‘मग?’’

‘‘मग काही नाही. तो वळेपर्यंत बसायचं.’’

पडद्यावर पाठ होती. सदऱ्याच्या शिवणीशी घामाचा डाग. खांदे वर-खाली होत होते, आणि ते थांबवायला बाईंकडे आवाज नव्हता, हात पोचत नव्हता. बाईंनी दोन्ही हात छातीशी उचलून धरले, त्याने वळून पाहिलं तर लगेच दिसावेत म्हणून. हात दुखायला लागले. घड्याळवाल्याने न विचारता दिवा त्यांच्या हातांवर वळवला आणि स्वतःच्या कामाकडे मान खाली घातली.

सहा मिनिटांनी दादा वळला. त्याने चार बोटं दाखवली. चार दिवस.

बाईंनी कागदावरचा कापूस पडद्यासमोर धरला. मी मूर्ख, त्यांनी सांगितलं. मीच घातला, मीच. दादा हसला नाही. त्याने तळहातावर बोट गोल फिरवलं. बाईंनी केबल दाखवली, भोक दाखवलं, पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याने बघून घेतलं.

मग त्याने विचारलं. भुवईवरून बोट ओढलं, बाईंकडे दाखवलं, हाताने गादी गुंडाळली. आणि दोन्ही तळवे उघडे धरले.

तू गेलीस, तर मला कोण सांगेल?

बाईंचे हात वर आले आणि तिथेच राहिले. व्यवस्थापक आहे, वरची सून आहे, चुलतभावाचा मुलगा आहे. यातल्या एकाही माणसाला हे सांगण्याची भाषा येत नव्हती. त्यांनी शोधलं, आणखी शोधलं. खोटं उत्तर द्यायची त्यांना सवय नव्हती, आणि दादापुढे ते चाललंही नसतं.

माहीत नाही, त्यांनी सांगितलं.

दादाने ती खूण नीट पाहिली. मग त्याने विचारलं, तू जेवलीस का? बाईंनी नाही म्हटलं. तोही जेवला नव्हता. तिकडे संध्याकाळचं ऊन गजांमधून त्याच्या हातांवर आलं होतं, आणि तो सांगायला लागला, की फाटकाशी फार मुंग्या आहेत, आणि दगडाचा ओटा दिवसभरात भयंकर टोचतो.