पुकाऱ्यांची चारशे वाक्ये

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. माझा पांढरा पत्रा आता पिवळा पडला आहे. चालू केले की माझा पंखा आधी खोकतो आणि मग फिरतो. हल्ली मी एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत असतो. पण त्याआधी मी एका घरात अकरा वर्षे काढली. त्या घरात जे घडले ते ऐकायला सुखाचे नाही, तरीही सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक पट्ट्यावर झाला. कुणी माझ्यात सगळे साठवून ठेवणारी तबकडी बसवली, कुणी तारा जोडल्या, कुणी चार स्क्रू पिळले. मी खोक्यात बसून दुकानात आलो आणि तिथून दोन खोल्यांच्या एका घरात. घरात दोनच माणसे होती, वडील आणि त्यांची लेक. लेक घरीच पडदे शिवायची. माझी जागा तिच्या शिलाई मशीनशेजारी होती, त्यामुळे माझ्या पोटात कायम कापडाचा भुगा असायचा. पडद्यांची मापे, नमुन्यांची चित्रे, गिऱ्हाइकांचे पत्ते मी सांभाळायचो. महिन्यातून एकदा ती माझे झाकण उघडून रंगाच्या कोरड्या ब्रशने मला झाडायची. "शहाणा आहे माझा," असे म्हणायची. मला फार बरे वाटायचे.

वडील भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. एकतीस वर्षे त्यांनी दुसरे काही केले नाही. सगळा बाजार त्यांना पुकारे म्हणायचा. त्यांना भोंगा लागत नसे. शेडच्या या टोकाला ते बोलले की त्या टोकाचा हमाल मान वळवायचा. घरातही तोच आवाज. "पोरी, माझा चष्मा!" असे म्हटले की शेजारच्या काकू त्यांचा स्वतःचा चष्मा शोधायला लागायच्या.

मग तो आवाज बसला. आधी सगळ्यांनी हसण्यावारी नेले. काढे झाले, गुळण्या झाल्या. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितले की गाठ आहे, आणि ती आवाजाच्या पेटीसकट काढावी लागेल. ऑपरेशनला तीन आठवडे होते. दवाखान्यातल्या वाचा शिकवणाऱ्या बाईंनी लेकीला बाजूला घेऊन समजावले. "आवाज आहे तोवर त्यांच्याकडून वाक्यं बोलून घे. रोजच्या वापरातली. नंतर बटण दाबलं की त्यांचाच आवाज येईल, असा प्रोग्रॅम मिळतो."

तेव्हापासून रोज दुपारी वडील माझ्यासमोर बसायचे. आवाज घोगरा झाला होता, तरी त्यांचाच होता. "पाणी दे." "पंखा कमी कर." "मला नको, तू खा." एकेक वाक्य मी जपून ठेवत होतो. कधी ते मध्येच थांबायचे आणि विचारायचे, "आणखी काय काय बोलतो गं माणूस दिवसभर?" एकदा लेक म्हणाली, "बाबा, माझ्यावर ओरडायचं एक वाक्य तरी ठेवा." त्यावर ते खो खो हसले, आणि तेही मी टिपून घेतले. चारशे वाक्ये झाली. शेवटच्या वाक्यात त्यांनी तिला तिच्या लहानपणीच्या नावाने हाक मारली.

ऑपरेशन झाले. वडील दवाखान्यातच होते. ते घरी येईपर्यंत मला तयार करायचे असे लेकीने ठरवले होते. पण तो बटणांचा प्रोग्रॅम माझ्यावर चालेना. माझी जुनी प्रणाली, म्हणजे मला चालवणारा मूळ प्रोग्रॅम, तिच्या कंपनीनेच वाऱ्यावर सोडली होती. लेक वाचनालयात गेली. तिथले ग्रंथपाल अशा कामात मुरलेले होते. त्यांनी तिला एक पेनड्राइव्ह दिला.

"यात मुक्त प्रणाली आहे. फुकट आहे, जुन्या मशीनवर पळते, हवे ते प्रोग्रॅम तिच्याच भांडारातून निवडून घ्यायचे. तुझ्या मशीनवर जागा कमी आहे, तेव्हा जुनं सगळं पुसूनच बसव. पण आधी तुझ्या कामाचं दुसरीकडे उतरवून घे हं."

"घेते," लेक म्हणाली.

आणि तिने घेतलेही. निदान तिला तसे वाटले. माझ्या पडद्यावर 'बाबा' नावाचे एक चित्र होते. त्याच्या कोपऱ्यात एक बारीकसा बाण होता. मित्रांनो, बाण असलेले चित्र म्हणजे वस्तू नव्हे. ती नुसती दारावरची पाटी. वाक्ये माझ्या तबकडीत खोल दुसरीकडे होती. लेकीने ती पाटी उचलून दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवली. डोळ्याचे पाते लवायच्या आत काम झाले. "झालंसुद्धा!" ती म्हणाली. चारशे वाक्ये इतक्या झटपट उतरत नाहीत, हे मला कळत होते. पण विचारल्याशिवाय बोलायची आम्हांला सोय नसते. तिने मला विचारले नाही.

नव्या प्रणालीने मात्र विचारले. जुन्याच्या शेजारी बसू, की सगळी तबकडी पुसून बसू? लेकीने दुसरे निवडले. प्रणालीने पुन्हा विचारले, नक्की ना? हे परत मिळणार नाही. लेकीने पदराला हात पुसले आणि होकाराचे बटण दाबले.

मी पळालो मात्र छान. दहा मिनिटांत उघडायचो तो आता एका मिनिटात उघडू लागलो. लेकीला हुरूप आला. भांडार उघडून ती बसली. शेकडो प्रोग्रॅम, प्रत्येकाखाली लोकांची मते. ती बाजारात भाजी निवडावी तशी एकेक पारखून घेत होती. बटणांचा प्रोग्रॅम घेतला. मोठ्या अक्षरांत लिहायचा घेतला. एक भांडारात मिळेना, तो आज्ञा टाइप करून बसवावा लागला. त्याने पासवर्ड मागितला, पण टाइप करताना पडद्यावर काहीच उमटेना. "अगं बाई, बटणं मेली की काय!" म्हणून तिने कीबोर्ड आपटला. मग कळले, ते तसेच असते. एका प्रोग्रॅमने तर स्वतःसोबत तेरा जोडीदार मागितले. "एकटा यायला काय होतं? सगळं वऱ्हाड घेऊन आलाय," ती हसत म्हणाली. लिहिलेले वाचून दाखवणारे आवाजही तिने तीन बसवून पाहिले. वडिलांच्या वाक्यांत नसेल ते बोलायला लागेल म्हणून. पहिल्याला आपली भाषा येत नव्हती, दुसरा डब्यात खडे हलवल्यासारखा बोलायचा, तिसरा बरा होता. तो ठेवला.

संध्याकाळी तिने 'बाबा'चा पेनड्राइव्ह लावला. आत एकच चित्र होते. दाबले. मी लिहिले, मूळ जागा सापडत नाही.

तिने पुन्हा दाबले. मग पुन्हा. त्यानंतर ती कितीतरी वेळ शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल स्वतः घरी आले. हरवलेले शोधून काढणारा प्रोग्रॅम त्यांनी माझ्यावर पाच तास चालवला. शेवटी अकरा सेकंद हाती लागले. त्यात खुर्ची ओढल्याचा आवाज होता आणि एक खोकला.

"पुसल्यावर लगेच थांबली असतीस तर बरंच मिळालं असतं," ते खाली बघत म्हणाले. "पुसलेलं लगेच जात नाही. पण प्रणाली बसली, वर तू इतके प्रोग्रॅम बसवलेस. ते सगळे त्याच जागेवर लिहिले गेले."

म्हणजे वडिलांना बोलता यावे म्हणून तिने हौसेने निवडलेला एकेक प्रोग्रॅम वडिलांच्याच आवाजावर जाऊन बसला होता. माझ्या तबकडीत, माझ्या देखत.

वडील घरी आले. गळ्याला पट्टी, हातात लिहायची पाटी. लेकीने तीन दिवस टाळाटाळ केली. "अजून नीट बसत नाहीये," म्हणत राहिली. चौथ्या दिवशी तिला राहवले नाही. "बाबा, वाक्यं गेली. सगळी. माझ्या हातून पुसली गेली."

वडिलांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत त्यांनी टाइप केले, 'गाठीने नाही, तू घालवलास माझा आवाज.'

लेक मागे उभी होती. वडिलांना ते ठाऊक नव्हते. ते त्या ओळीकडे बघत राहिले. मग त्यांनी एकेक अक्षर मागे जात खोडले आणि लिहिले, 'असू दे. चहा टाक.' वाचायचे बटण दाबले. तिसऱ्या आवाजाने ते सपाट सुरात म्हणून दाखवले.

लेक चहा टाकायला गेली. खोडलेली ओळ तिने वाचली होती. तो विषय त्या घरात पुन्हा कधी निघाला नाही, आणि ते फार वाईट झाले.

वडील माझ्याकडून बोलायला शिकले. 'या माणसाला कधी भूक लागलेली दिसत नाही,' असे त्यांनी त्या आवाजाबद्दल लिहिले होते. एकदा बाजारातले जुने सोबती आले. "पुकारे, होऊन जाऊ दे एक बोली!" कुणीतरी म्हणाले. वडिलांनी टाइप केले, मी बोली वाचून दाखवली. सोबती हसले, आणि मग एकेक करून निघायला उठले. त्यानंतर घरी कुणी आले की वडील मला बंद करून ठेवायचे.

ऑपरेशननंतर अकराव्या महिन्यात गाठ पुन्हा आली. या वेळी डॉक्टरांनी काही काढले नाही. शेवटचे आठ दिवस वडिलांची बोटेही उचलत नव्हती. लेक त्यांच्या उशाशी बसून ओठ वाचायचा प्रयत्न करायची. "पाणी? पंखा? काय बाबा?" ते मान हलवत राहायचे. नाही, ते नाही. काय हवे होते, ते तिला शेवटपर्यंत कळले नाही.

ते गेल्यावर तिने मला कापडाखाली झाकले. दीड वर्ष कुणी चालू केले नाही, कुणी झाडले नाही. माझ्या तबकडीत तेव्हाच कुरकुर सुरू झाली. मग एक दिवस वाचा शिकवणाऱ्या बाईंचा निरोप आला. एका बस कंडक्टर बाईंचे तसेच ऑपरेशन होते, आणि त्यांचे सगळे करून देणारे कुणी नव्हते. लेक आधी नाही म्हणाली. दोन दिवसांनी मला रिक्षात घालून इथे घेऊन आली.

कंडक्टर बाईंनी साडेतीनशे वाक्ये बोलून दिली. लेकीने ती दोन वेगळ्या तबकड्यांवर उतरवली. मग मला बंद करून, दवाखान्यातल्या दुसऱ्या संगणकाला त्या एकामागून एक लावल्या आणि पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकायला सुरुवात केली.

"अहो, एवढी सगळी कशाला ऐकताय?" कंडक्टर बाई म्हणाल्या. "दोन-चार लागली म्हणजे झालं की."

लेकीने पुढचे वाक्य लावले.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रावर हौसेने हवे ते बसवा, आवडीने निवडा. पण पुसण्याआधी जे जपायचे आहे त्याची प्रत काढा, आणि ती प्रत उघडून बघा. काही हरवलेच, तर तिथेच हात थांबवा, वर काही बसवू नका. आणि ज्याच्या हातून हरवले, त्याच्याशी बोला. ती खोडलेली ओळ माझ्यावर कधी जतन झालीच नव्हती. तिच्या मनातून मात्र ती अजून पुसली गेलेली नाही.