मुद्दाम हरलेले डाव

मी एक जुना खेळ आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर फार वैतागलेला आहे. माझं नाव ‘पाट’. पण ते धड कुणी घेतलं असेल तर शपथ! कोरेगावला मी ज्या घरात राहतो, तिथे मला ‘ती पेटी’ म्हणत, आणि शेजारचे भाऊसोकाका तर सरळ ‘लुडो’ म्हणत.

माझा जन्म सांगलीचा. महेंद्रमामा तिथल्या एका शाळेत सुतारकाम शिकवायचे. उरलेल्या प्लायवूडचे त्यांनी चौकोनी तुकडे कापले, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि प्रत्येकावर निळ्या रंगाने पाण्याचा पाट रंगवला. कुठे सरळ, कुठे वळण, कुठे फाटा. सागवानाचा एक फासा केला. तो एका बाजूला झुकत नाही ना, याची खात्री होईपर्यंत दुपारभर टाकून पाहिला. मग १९९२ च्या उन्हाळ्यात त्यांनी मला कोरेगावच्या आपल्या भाचीला, आम्रपालीला, दिलं.

नियम सांगतो. पटाच्या मध्ये धरण, दोन टोकांना दोघांची शेतं. फासा टाकायचा. जितके पडतील तितके तुकडे उचलून सर्वांसमोर उघडे मांडायचे, त्यातला एकच पटावर लावून धरणापासून आपल्या शेताकडे पाट न्यायचा, बाकीचे परत ठेवायचे. ज्याच्या शेतात पाणी आधी पोचेल, तो जिंकला. म्हणजे फासा फक्त निवडायला देतो. निवडायचं डोक्यानेच. सहा पडूनही चुकीचा तुकडा लावला, तर पाणी दुसऱ्याच्या शेतात जातं.

एवढं समजावताना आम्रपालीचा घसा बसायचा.

“मंजे सहा पडलं की परत टाकायचं न्हवं?” भाऊसोकाका विचारत.

“न्हाई, काका.”

“आमच्यात टाकत्यात.” आणि ते टाकत! वर फाशावर फुंकर मारत, त्याला कपाळाला लावत. अहो, मागच्या वेळी काय पडलं हे फाशाला आठवत नाही, आणि फुंकरीने त्याचं वजन बदलत नाही. तुकडा वाईट लावायचा यांनी आणि शिव्या खायच्या त्याने!

हेही मी सोसलं असतं. माझा खरा छळ केला तो घरच्या पाहुणचाराने.

दर मे महिन्यात महाबळेश्वरहून रोहन यायचा. आम्रपालीच्या आत्याचा मुलगा. हंगामात त्याच्या वडिलांची टॅक्सी दारात उभी राहत नसे, म्हणून त्याला आम्रपालीच्या वडिलांकडे, म्हणजे त्याच्या मामाकडे, धाडत. पहिल्याच वर्षी आम्रपालीचं पाणी शेताच्या बांधापर्यंत आलं आणि स्वयंपाकघरातून तिच्या आईचा, अंजनाबाईंचा, आवाज आला, “आमू, पाहुणा हाय तो. भाच्याला हरवून घरी धाडतीस व्हय?”

आम्रपालीने ओठ चावले आणि सरळ तुकडा भलतीकडे लावला. रोहन जिंकला. त्याला शंकरपाळी मिळाली.

दुसऱ्या वर्षी अंजनाबाईंना बोलावंही लागलं नाही. त्या नुसत्या खोकत. मुलीचा हात चांगल्या तुकड्याकडे गेला की खोकला, मागे आला की खोकला बंद. कोणत्याही औषधाने इतका लवकर बरा होणारा खोकला मी पाहिलेला नाही. रोहन गल्लीभर सांगत सुटे, “पाटात मला कोणच हरवू शकत न्हाई!” आणि मी पेटीत पडून चरफडत असे. ज्या खेळात एकच जण खेळतो, तो खेळ कसला?

चौथ्या वर्षी महेंद्रमामा सांगलीहून आले. “जयभीम ताई,” म्हणत पायरीवरच चपला काढल्या आणि बसल्या बसल्या म्हणाले, “आमू, मांड पट. मला बघू दे, तू काय शिकलीस.”

आम्रपालीचा चेहरा उजळला. तीन वर्षं ती रोहन गेल्यावर एकटीच दोन्ही बाजूंनी खेळत असे, हे फक्त मला माहीत होतं. मामांनी केलेला खेळ आपल्याला कळतो, हे मामांना एकदा दिसावं, एवढंच तिला हवं होतं.

समोर रोहन बसला. डाव रंगला. शेवटी तिचं पाणी एका वळणाच्या तुकड्यासाठी अडलं. तिने फासा टाकला. तीन पडले. तीन तुकडे उघडले, आणि त्यात हवं तेच वळण! तिचा हात पुढे गेला.

स्वयंपाकघरात खोकला आला.

हात थबकला. तिने सरळ तुकडा लावला. पुढच्याच फेरीत रोहनच्या शेतात पाणी शिरलं.

मामांनी तो सरळ तुकडा बोटाने चाचपला. “तुला कळलाच न्हाई गं खेळ,” ते हळूच म्हणाले. रागावून नव्हे. त्यामुळेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या साऱ्या तुकड्यांनी ओरडावं असं मला वाटलं. पण प्लायवूडला तोंड कुठे असतं!

“मामा, थांबा,” रोहन म्हणाला. तो कपाळाला आठ्या घालून तिने परत ठेवलेल्या वळणाकडे बघत होता. “वळण तर म्होरंच हुतं. आमे, लावलं का न्हाईस?”

तिची नजर स्वयंपाकघराकडे गेली.

“मामी खोकली म्हणून व्हय?” त्याने सावकाश विचारलं. “मंजे गेल्या सालीबी? आन् त्याच्या आदल्या सालीबी?”

त्याचे कान लालबुंद झाले. मला वाटलं, हा आता पट उधळणार. पण त्याने आपला शेवटचा तुकडा उचलला, तिचा सरळ तुकडाही काढला आणि ते वळण तिच्या हातात कोंबलं.

“लाव.”

आम्रपालीने दाराकडे पाहिलं. तिथे अंजनाबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या.

“माझ्याकडं काय बघतीस? लाव की!” त्या ओशाळून म्हणाल्या.

तिने वळण लावलं. पाणी शेतात गेलं. मामा पुढे सरकून तिच्या जवळ बसले.

रोहनने सगळे तुकडे गोळा केले. “परत मांड,” तो म्हणाला. “आन् मामी, तुमी जरा अंगणात बसा बगू.”

त्या महिन्यात तो रोज हरला आणि रोज परत बसला. निघायच्या आदल्या दिवशी तो एकदा जिंकला. शंकरपाळीची आठवणही कुणाला झाली नाही, इतका तो नाचला.

आता मी कपाटावर असतो. माझा एक फाटा शिलाई मशीनच्या पायाखाली गेला आहे, कारण फरशी उंचसखल आहे म्हणे! मित्रांनो, मला फडक्यात गुंडाळून जपू नका. माझे कोपरे झिजले तर झिजू द्या. पण समोर कुणी बसलं, की त्याच्याशी मनापासून खेळा. मुद्दाम हरून त्याचा मान राहत नाही. त्याला काही जमणारच नाही, असं तुम्ही त्याच्या पाठीमागे ठरवलेलं असतं. आणि आधी तो मशीनखालचा फाटा तेवढा काढून आणा. त्याच्यावाचून अर्ध्या पटाला पाणी पोचत नाही.