बदकाचं झाकण

आमचं बदक गातं. पोटावर दाबलं की दोन ओळी म्हणतं आणि शेवटी 'क्वॅक' करतं. तो 'क्वॅक' माझ्या धाकट्या दिरांच्या आवाजातला आहे, हे बाजारात कुणाला माहीत नाही. भाऊजी साचे करतात, सून मागण्या आणि पत्रं बघते, बारा बायका जुळणी करतात आणि मी सगळ्यांवर ओरडते. कारखाना म्हणजे घराखालचा लांबलचक हॉल. एका टोकाला साच्याचं यंत्र, दुसऱ्या टोकाला खोकी, मध्ये टेबलं आणि टेबलांखाली माझी नात.

नात अडीच वर्षांची. तिला आम्ही इन्स्पेक्टर म्हणतो, कारण ती न विचारता कुठेही शिरते आणि दिसेल ती वस्तू उघडते. बरणी, कपाट, भाऊजींचा चष्म्याचा डबा, काही म्हणून सुटत नाही.

बदकाच्या पोटात बटणाएवढे दोन सेल असतात आणि त्यांच्यावर एक सरकतं झाकण. खेळण्यातली अशी झाकणं स्क्रूनं पक्की बंद हवीत, असा कायदा येणार येणार म्हणून आम्ही चार वर्षं ऐकतोय. विधेयक समितीकडे गेलं, समितीकडून उपसमितीकडे, आणि तिथून कुठे गडप झालं ते कुणालाच ठाऊक नाही. आमच्या खेळणीवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष आगगाड्या बनवतात. दर बैठकीत ते म्हणायचे, "कायदा आला की बघू." मीही मान डोलवायचे. घरी आले की सून डोकं खायची.

"आई, कायदा नाही म्हणून स्क्रू लावायला कुणी मनाई केलीय का?"

"तू तुझी पत्रं बघ," मी म्हणायचे. माझी चूक होती, हे आधीच सांगून टाकते.

एका मंगळवारी टेबलाखालून बराच वेळ काही आवाज येईना. मी वाकून बघितलं. बदक उताणं पडलेलं, झाकण बाजूला आणि इन्स्पेक्टरच्या मुठीत एक सेल. एकच.

"दुसरा कुठाय गं?"

ती गोड हसली आणि आ करून दाखवलं. तोंडात काही नव्हतं.

 गिळलेला असा सेल दोन तासांत आतून घसा जाळू शकतो, हे मला माहीत होतं. सुनेनं तो कागद माझ्या टेबलावर तीनदा ठेवला होता आणि तीनदा मी त्यावर चहाचा कप ठेवला होता. सून पोरीला उचलून दवाखान्यात धावली, मागोमाग मी, एकाच पायात चप्पल घालून. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, नीट बघितला आणि म्हणाल्या, "घशात नाही, छातीत नाही, पोटातही नाही." मी त्यांना अशी घट्ट मिठी मारली की नर्सला मला सोडवावं लागलं. घरी आलो तर भाऊजी दारातच एक बूट हातात धरून उभे. सेल त्यांच्या बुटात सापडला होता. मागे बाराही बायका गुडघे झटकत एकाच वेळी रडत आणि हसत होत्या.

"या झाकणाचं एकही बदक बाहेर जाणार नाही," मी तिथल्या तिथे सांगितलं. "आणि दुकानांत गेलेली परत मागवा." सुनेनं पत्र लिहायला घेतलंसुद्धा होतं. ही मुलगी माझ्या हुकमाची वाट बघत नाही, आणि त्या दिवशी मला त्याचं फार बरं वाटलं.

पण आमची जवळजवळ सगळी बदकं एकच व्यापारी घेतो. तो फोनवर म्हणाला, "ताई, शनिवारी माल हवा. नाहीतर आगगाड्या घेतो, बाहुल्या घेतो, मला काय! कायदा कुठे आलाय अजून?" तो गेला असता तर बारा बायका घरी बसल्या असत्या आणि यंत्रावर चादर पडली असती. मला रात्रभर झोप लागली नाही.

बुधवारी सकाळी भाऊजींनी पहिलं झाकण आणलं. दोन्ही बाजूंच्या कळा एकदम दाबल्या तरच उघडणारं. आम्ही सेल काढून बदक इन्स्पेक्टरच्या हातात दिलं. तिनं एक कळ अंगठ्यानं दाबली, दुसरी दातानं. चार मिनिटं लागली.

दुपारी दुसरं झाकण आलं, त्याला नाणं घालून फिरवायचा स्क्रू. तिनं खिरीचा चमचा उलटा धरला आणि काम फत्ते केलं. तिसऱ्याला चौफुलीच्या खाचेचा स्क्रू होता. तिनं थोडा वेळ त्याच्याकडे रागानं बघितलं, मग खुर्चीवर चढून बदक खाली आपटलं. झाकण स्क्रूसकट उडालं.

"वहिनी, मी तीस वर्षं साचे करतोय," भाऊजी हताश होऊन म्हणाले, "पण या पोरीनं माझी अब्रू काढली." आणि ते पुन्हा यंत्राशी गेले.

गुरुवारी चौथं तयार झालं. जाड कडा, आतून आधाराच्या पट्ट्या आणि सैल झाला तरी झाकणातच अडकून राहणारा स्क्रू. मी म्हटलं, आण पोरीला. सून म्हणाली, "थांबा आई. आपण एकट्यांनी माल थांबवला तर व्यापारी दुसऱ्याकडे जाईल. सगळ्यांनीच थांबवला तर कुठे जाईल?"

शुक्रवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये नऊ खेळणीवाले आपापली खेळणी काखेत मारून बसले होते. व्यापारीही आला होता, घड्याळ बघत. सगळ्यांचे सेल आधी काढून घेतले आणि इन्स्पेक्टरला मध्ये बसवलं.

अध्यक्षांनी आपली आगगाडी ऐटीत पुढे सरकवली. त्यांचा चहा निवायच्या आत इंजिनाचं पोट उघडं पडलं होतं. मग बोलकी बाहुली गेली, ढोलवालं अस्वल गेलं, चमकणारा भोवरा गेला. प्रत्येक झाकण उघडलं की ती मान वर करून पुढचं मागायची, आणि खेळणीवाले आपापली खेळणी हळूच खुर्चीखाली सारायला लागले. हसता हसता मला ठसका लागला.

अध्यक्ष मात्र हसले नाहीत. इंजिन हातात फिरवत ते म्हणाले, "आमचा नातू हे उशाशी घेऊन झोपतो."

 व्यापाऱ्यानं घसा खाकरला. "ते ठीक आहे, पण उद्या मला माल कोण देणार?"

त्यानं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. बाहुलीवाल्या बाईंनी मान हलवली. अस्वलवाल्यानं दोन्ही हात वर केले.

"कुणीच नाही," अध्यक्ष म्हणाले. "वहिनींचं नवं झाकण टिकलं, तर आम्ही सगळे तेच लावू. त्याआधी काही निघणार नाही. भाऊ, साचा दाखवाल का?"

भाऊजी आपली पेन्सिलही कुणाला दाखवत नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नकाशे काढून द्या सगळ्यांना."

"फुकट?"

"फुकट. पोरं काय फक्त आपल्याच घरात आहेत?"

"मग किती दिवस लागतील?" व्यापारी रडवेला झाला होता.

"तीन आठवडे," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही तर बसल्या बसल्या कायदाच केलात की हो!"

"अजून नाही केला," सून म्हणाली. "टिकलं तर."

तेव्हा कुठे सगळ्यांना आठवण झाली. चौथ्या झाकणाचं बदक मघाशीच इन्स्पेक्टरच्या हाती पडलं होतं आणि बोलण्याच्या नादात तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळ्या माना वळल्या. अंगठे झाले होते, दात झाले होते, चमचा वाकडा होऊन पडला होता. आता ती खुर्चीवर चढली. बदक धाडकन आपटलं. उतरली, उलटं करून बघितलं, पुन्हा चढली, पुन्हा आपटलं. नऊ खेळणीवाले दबक्या आवाजात बदकाला धीर देत होते. भाऊजींनी डोळे मिटून घेतले होते.

पाचव्यांदा ती चढली नाही. लालबुंद चेहऱ्यानं उभी राहिली, ओठ थरथरले. मग बदक छातीशी धरून ती निघाली. अध्यक्षांना ओलांडलं, व्यापाऱ्याला ओलांडलं, आईसमोरूनही सरळ पुढे आली आणि बदक माझ्या मांडीवर ठेवलं.

"आजी," ती म्हणाली, "तू उघड."

 मंगळवारपासून मला जगात एवढंच हवं होतं, की झाकण तिच्यानं उघडू नये आणि तिनं ते घेऊन माझ्याकडे यावं.

"नाही उघडणार, राणी," मी डोळे पुसत म्हटलं. तिनं माझ्या हाताला कडकडून चावा घेतला, आणि अख्खा हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला.