माणिक उडालं तेव्हा कोण हललं

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेले दोन दात काढून न्या.

तुमचे आजोबा दागिन्यांत खडे बसवायचे. आमच्या कामाच्या खोलीत एकच कायदा होता: चिमट्यातून खडा उडाला की जो जिथे असेल तिथेच थांबायचं. शिंकसुद्धा गिळायची. कोणी हललं की मी असं झापायचे, की पुढच्या खेपेला तो श्वासही विचारून घ्यायचा.

त्या दिवशी विम्याचे साहेब तिजोरी बघायला आलेले. मी चहाचा ट्रे घेऊन आत शिरले आणि माणिक उडालं. एका शिक्षिकाबाईंच्या आईच्या अंगठीतलं, मसुराएवढं. मी एक पाय हवेत तसाच ठेवून पुतळा झाले. साहेब मात्र 'काय झालं, काय झालं' करत खोलीभर फिरले.

तीन दिवस आम्ही फरशी झाडली, धूळ चाळली, केरसुणीची काडी न् काडी विंचरली. माणिक काही मिळेना. साहेबांचं म्हणणं, चोरी झाली असती, आग लागली असती तर विमा होता. नुसतं हरवलं त्याला नाही. निदान कुलूप तरी तुटायला हवं.

"मग कुलूप तोडू का?" आजोबांनी विचारलं. चिडून नाही, भात वाढू का विचारतात ना, तसं.

शोधून शोधून त्यांचे डोळे सुजले होते. बाईंना काय तोंड दाखवू, आता चिमटाही नीट धरवत नाही, पुरे झालं हे काम, असं म्हणत चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी हत्यारं पुसून डब्यात भरलीसुद्धा.

त्याच दुपारी साहेब नकाराचं पत्र घेऊन आले. मी त्यांच्या पायाशी वाकले, पँटची दुमड उलटी केली आणि माणिक टपकन फरशीवर पडलं. सगळे जागच्या जागी थांबले. या वेळी साहेबही.

आजोबांनी ते उचललं, डबा उघडला आणि कामाला बसले. साहेब बिचारे माफी मागून मागून थकले.

आता माझीही कंबर गेली, किती वागवू हे ओझं? एवढं एकच रचलेलं: मी पुतळा झाले नव्हते. ट्रे सावरायला दोन पावलं टाकली होती. चार दिवस तोच स्वेटर अंगात होता. त्या चौथ्या सकाळी भांडी घासताना दुमडलेली बाही उलगडली, तर तिच्या दुमडीत माणिक.

साहेबांच्या पायाशी वाकले, तेव्हा ते माझ्या मुठीत होतं.