शाळेच्या बाईंची स्कूटर

स्कूटर आली तर हेमांगीचा फायदा सरळ होता: चोंढीच्या बंगल्यांवर मासळी घेऊन केसरच्या आधी पोचायचं. थळहून रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. तोवर केसर भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसून जाते, पापलेटं खपवते, आणि हेमांगीच्या वाट्याला 'उद्या बघू' म्हणणारी गिऱ्हाइकं उरतात. या महिन्यात भिशी तिला लागली होती. आता गाडी चुकीची निवडली, तर बंगले केसरचेच.

अलिबागला मितेशच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात निवड दोन स्कूटरींवर आली. एक एकशे दहा सीसीची, तोंडाला पोचा आलेली. दुसरी एकशे पंचवीसची, पांढरीशुभ्र. हेमांगीचा नवरा विनेश, बोटीवरचा खलाशी, पांढरीवरून असा हात फिरवत होता जसा लग्नात घोडीवरूनही फिरवला नसेल.

"शाळेच्या बाईंची गाडी, वहिनी," मितेश म्हणाला. "घर ते शाळा, शाळा ते घर. आणि पिकप बघा!"

"मला शाळा न्हाय भरवायची. बर्फ घातलेले दोन टब न्यायचेत. ओ, बसा मागं."

विनेश म्हणजे दोन टब, बर्फासकट, थोडे जास्तच. त्याला घेऊन तिने दोन्ही गाड्या पुढच्या चढावर नेऊन आणल्या. छोटी कण्हत का होईना, चढली. पांढरीला चढ आहे हे कळलंसुद्धा नाही.

"बघ, मी सांगत व्हतो!" विनेश म्हणाला. हेमांगीने पर्सची चेन उघडली.

तेवढ्यात एक बोका आला आणि पांढरीच्या पायाशी अंथरलेलं मॅट मन लावून चाटू लागला.

"तुझ्या वासानं आलाय," विनेश हसला.

हेमांगीही हसली, पण अर्ध्यावरच थांबली. दुकानाच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली. बोका ढिम्म. मग तिने विनेशला जवळून फिरवलं. बोक्याने मान वर केली नाही.

"मितेशशेठ, बाई शाळेत काय शिकवायच्या? बांगडे?"

मितेशला अचानक समोरच्या टायरात हवा कमी वाटू लागली.

"बाकीच्या गिऱ्हाइकांनी वासानं नाकं मुरडली असतील, म्हणून ही आमच्यासाठी ठेवलीव व्हय? जन्म मासळीत गेलाय आमचा. आम्हांला कुठला वास येतोय!"

तिने मॅट उचललं. खालच्या पत्र्याची खारट बर्फाच्या पाण्याने गंजून चाळणी झाली होती. विनेशचं बोट आरपार गेलं. त्याने ते घाईघाईने खिशात घातलं.

"एवढ्यावर टब ठेवला असता, तर पापलेटांबरोबर मीपण रस्त्यावर," हेमांगी म्हणाली. "शेठ, छोटीचं बोला. नीट बोला, नायतर मी या पांढरीचं थळला जाऊन मोठ्यानं बोलीन."

हिशेब असा मिटला: छोटीचे पैसे हेमांगीच्या भिशीतून. नवा मागचा टायर आणि गाडी नावावर करायचा खर्च मितेशचा. बोक्याच्या दुधाची पिशवी विनेशच्या खिशातून, कुरकुरत. शनिवारी केसर चोंढीला पोचली, तेव्हा बंगल्यांच्या फ्रीजमध्ये जागा उरली नव्हती. सगळ्यांत मोठा भुर्दंड तिलाच पडला.