देवीच्या लिंकवरून बाबाच्या दारी

तळवलीच्या गावदेवीसमोर त्या रविवारी सकाळी साठ माणसं बसली होती. हात जोडलेली एकोणसाठ. साठाव्या शुभदाबाई, शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या. समोर मनातलं ओळखतो म्हणणारे पोपटबाबा डोळे मिटून डोलत होते.

"भागीरथी, तुझी सून देवीला सांगते, मला वेगळं राहायचंय. बाबापासून काय लपणार?"

भागीरथीबाईंनी सुनेकडे वळून पाहिलं. सुचितानं हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. देवळाच्या वेबसाइटवर 'देवीशी बोला' हे पान आहे, फक्त तिथे तिनं ते लिहिलं होतं.

"उद्या सकाली म्हायेरी जा," सासूबाई म्हणाल्या.

बाहेर सुचिता शुभदाबाईंना म्हणाली, "देवीनंच चुगली केली हो माझी."

"ते पान कुठून उघडलंस?"

"गावच्या ग्रुपवर बाबांच्या माणसानं लिंक टाकलेली. मी बघितलं ना, बाई. सुरुवातीला देवळाचाच पत्ता होता."

शुभदाबाईंनी लिंक शेवटपर्यंत वाचली. देवळाच्या पत्त्याला शेपूट होतं: लॉगिन झालं की माणसाला अमुक पानावर सोड. ते पान बाबाचं, दिसायला हुबेहूब देवळाचं; तिथे लिहिलेलं थेट बाबाला मिळायचं.

वेबसाइट बनवली होती सुचिताच्या दिरानं, मितेशनं. "मी चेक लावलाय, मॅडम. पुढच्या पत्त्यात देवीचं नाव असलं तरच सोडतो."

"नाव कुणीही लावतं. बाबानं आपल्या पत्त्याच्या आधी देवीचं नाव चिकटवलं, तुझ्या चेकनं हात जोडून वाट दिली. आपल्या पानांची यादी कर. पत्ता यादीत नसेल तर देवळाच्या पहिल्या पानावर परत पाठव. पण हे रात्री कर, आत्ता नको."

मग गावातल्या हिरामणशेठना विचारून, त्यांच्या नावानं, त्याच लिंकवरून शुभदाबाईंनी एक खोटा नवस लिहिला.

संध्याकाळी देवळात सगळ्यांसमोर बाबा पुन्हा डोलले. "हिरामण, तुझी हरवलेली म्हैस देवीला दिसली. उत्तरेला आहे."

"गोठा पाडून बिल्डिंग बांदली, त्याला वीस वर्सं झाली," हिरामणशेठ म्हणाले. "म्हैस कितव्या माल्यावर हाय, तेवडं सांगा."

शुभदाबाईंनी लिंकचं शेपूट सगळ्यांना वाचून दाखवलं. बाबांना पनवेलला तातडीचं काम निघालं.

"सॉरी, वहिनी," मितेश म्हणाला.

"पान तुम्ही बनवलंय, म्हणून मी लिहिलं, भावजी."

भागीरथीबाई सुनेजवळ आल्या. "म्हायेरी नको जाऊस. पन लिवलंस ते खरं ना?"

"खरं."

बाबाचं बिंग फुटलं, पण उघडं पडलेलं मन पुन्हा झाकता येत नाही. म्हणून सांगतो: लिंकची सुरुवात ओळखीची दिसली म्हणून हात जोडू नका. शेवटी कुणाच्या दारात उतरलात ते वाचा, आणि मगच बोला.